उजवा हात

कमळाबाईने मासळीची टोपली स्टुडिओच्या उंबऱ्यावरच आदळली आणि काचेतल्या फोटोकडे मान उडवली.

"ह्यो हात माजा हाय. कोनी काढला?"

आत उभी असलेली रसिका पुढे आली. फोटो तिचाच होता. स्टुडिओचे मालक आत्माराम दर महिन्याला दारातल्या फळ्यावर एक विषय लिहीत. भाईंदरमधली पाच-सात हौशी माणसं त्या विषयावर फोटो काढून आणत. या महिन्याचा विषय होता 'एकटेपण'. बँकेत नोकरी करणारी रसिका तीन रविवार कॅमेरा गळ्यात घालून नुसतीच फिरली. चौथ्या रविवारी मासळीबाजार उठता उठता तिला हा हात दिसला. रिकाम्या टोपलीच्या काठावर ठेवलेला, खवले चिकटलेला, मनगटात एकही बांगडी नसलेला. बाईला न विचारताच तिने तेवढा हात टिपला. खाली नाव दिलं, 'विधवा'. पहिला नंबर आला. आत्मारामांनी फोटो मोठा करून काचेत लावला.

"मावशी, बक्षीस मिळालंय तुमच्या हाताला," आत्माराम सारवासारव करत म्हणाले.

"आग लाव तुज्या बक्षिसाला! शेजारची भाविका शाळंत जाते, तिनं वाचून दावलं म्हून कळलं. माजा धाकू जिता हाय. चार रोज झाले, होडी घेऊन दर्यात गेलाय. आनि तुमी मना हितं रांड करून टांगली?"

"पण मावशी, हातात बांगडी नव्हती..." रसिका पुटपुटली.

कमळाबाईने पदराखालचा डावा हात पुढे केला. त्यात हिरव्या बांगड्या गच्च भरल्या होत्या.

"उजव्या हाताच्या लग्नातच दर्याला दिल्या. त्यानं आमच्या मानसाला राखावं म्हून. आमच्यात उजवा हात मोकला तो नवऱ्यासाठी. शिकलेली ना तू? येवडं इचारायला काय जीभ झडत व्हती?"

रसिकाने फोटोखालची चिठ्ठी फाडली. कोरा कागद घेतला.

"काय लिहू?"

"ल्ही. सवाशीण."

रसिकाने ठळक अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. कमळाबाईने टोपली डोक्यावर घेतली. जाता जाता तिचा आवाज उतरला.

"मानूस पान्यावर असताना असलं काय बोलू नये, पोरी."

तिसऱ्या दिवशी समुद्रावर वारं सुटलं. कोळीवाड्यातल्या चार होड्या बाहेर होत्या. तीन परतल्या. मग धाकूच्या होडीची एक फळी किनाऱ्याला लागली. माणूस लागला नाही.

रसिकाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती मनात दिवस मोजत राहिली. तो शब्द काचेत किती दिवस होता, वारं कधी सुटलं. बँकेत दोनदा तिची बेरीज चुकली. बाजारातली कमळाबाईची जागा रिकामी दिसली की ती दुसऱ्या गल्लीने घरी जायची.

पंधरा दिवसांनी ती सकाळीच स्टुडिओत आली.

"काका, तो फोटो आधी काढा. ती बाजारात यायला लागली की याच रस्त्याने जाणार. ते 'सवाशीण' आता तिच्या डोळ्यांसमोर नको."

"मीही तेच म्हणत होतो," म्हणत आत्मारामांनी काचेचं दार उघडलं. रसिकाने फोटोला हात घातला, तोच मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. कमळाबाई होती. डोक्यावर टोपली नव्हती. डावा हातही आता मोकळा होता.

रसिकाने हात जोडले. "मावशी, चुकलं माझं. पहिल्यापासून चुकलं. हे बघा, काढूनच टाकते. पुन्हा नाही दिसणार तुम्हाला."

कमळाबाई पुढे आली. तिने रसिकाचा हात फोटोवरून हळूच बाजूला केला आणि काचेचं दार लावून घेतलं.

"घरात मेला, वाड्यात मेला, बंदरावर बी मेला," ती म्हणाली. "हितं तरी त्याला जिता ऱ्हाऊ दे."