अकरावी दुरुस्ती

धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या प्रोग्रॅममधली चूक हेमांगीला सापडली होती. पाणी धोक्याच्या खुणेला टेकलं की पाचवा दरवाजा अडकणार होता. बदल एका ओळीचा, पण कोडमधल्या चुकांचं भाकीत करणाऱ्या यंत्राने तो चौथ्यांदा फेटाळला.

"ज्या कोडला सारखा हात लागतो तोच बिघडतो, असं त्याचं गणित आहे," साहेब समजुतीने म्हणाले. "तुमच्या दहा दुरुस्त्या झाल्यात. अकरावी केली की यंत्राचा धोक्याचा आकडा चढतो आणि धरण धोकादायक ठरतं."

"पण सर, चूक समोर दिसतेय."

"आकड्यात दिसत नाही ना."

तिने धरणाखालच्या गावात भावाला फोन लावला. "दादा, मुलांना घेऊन आजच इकडे ये."

तो हसला. "अगं, आपलं धरण सगळ्यात सुरक्षित. सकाळीच पंचायतीच्या फळ्यावर आकडा लागलाय."