तिसरा रकाना

मी घरात शिरताच बाबांनी वही झटकन वर्तमानपत्राखाली सारली.

"काय लपवताय?"

"कोडं सोडवतोय. जेवलीस का?"

"हो," म्हणत मी खोलीचं दार लावलं. कोडं कोरंच होतं, ते मी पाहिलं होतं. महिनाभर हेच चाललं होतं. डॉक्टरांचं काही लपवत असतील, नाहीतर आत्याला कळवायला माझी टिपणं काढत असतील. मला दोन्ही संशय होते. विचारलं मात्र नाही. दिवसभर समुपदेशनात दुसऱ्यांच्या मुलांशी बोलून घरी बोलायला काही उरत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर वही उघडली. आत तीन रकाने आखलेले: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. अबोल, संतापी मुलांच्या आईवडिलांना मी हाच तक्ता भरायला शिकवते. "मुलाला बदलण्याआधी आपण काय करतो ते लिहा," असं मी फोनवर सांगायचे, तेव्हा बाबा ऐकत असणार.

इथे मुलाच्या जागी मी होते. "विचारलं, जेवलीस का. 'हो' म्हणाली, दार लावलं. डबा भरलेलाच परत." पानोपानी हेच. शेवटच्या दिवशी तिसऱ्या रकान्यात वेगळं होतं: "माझं विचारणंच चुकतंय. उद्यापासून विचारणार नाही. दोन ताटं वाढून नुसता बसेन."

मी दोन ताटं घेतली, वाढली आणि त्यांच्या पाटासमोर बसले.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मी जेवले नव्हते. एकदाही नाही. तुम्ही विचारत राहा."