खांद्याएवढं झाड

धाकटीनं लिंबांची पाटी ओट्यावर ठेवली, तेव्हा दादाची नजर तिच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत ओरखडे, आणि बोटांचे सांधे टम्म सुजलेले.

“हे काय गं?”

“काटे लागले. घरचं झाड ना, फळाआधी रक्त मागतं.”

दादा म्हणजे जन्मभर गोदामात पोती उचललेला माणूस. काट्यानं सांधे सुजत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. आणि शेजारीण काय उगाच फोनवर म्हणाली असेल, “तुमच्या बहिणीच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात”? फोन ठेवला नि दादा तडक निघून आला होता.

मेहुणा खाली बसून लिंबं चिरत होता. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा, तोही गळ्यापर्यंत बटणं लावून! फोडींत मीठ भरताना रस मनगटावरून बाहीत ओघळला, तसा तो कळवळला आणि त्यानं चोरून धाकटीकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं! दादाचं डोकं तापलं, पण त्यानं आधी हसून बघितलं. दारामागे लोखंडी आकडी लावलेला लांब बांबू उभा होता.

“झाड माझ्या खांद्याएवढं, आणि आकडी ही एवढी? कुणाला ओढता हिनं, पाहुणे?”

मेहुणा घाईघाईनं फोडी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरायला लागला. बरणीला धक्का लागला, ती लवंडली आणि फुटली. मीठ, रस, काचा, सगळीकडे चिखल झाला.

“गेली बरणी,” धाकटी एवढंच म्हणाली.

मेहुणा पांढराफटक पडला. ताडकन उठून तो तिच्याकडे वळला, दोन्ही हात वर करून.

बस्स! दादानं त्याची गचांडीच धरली. “माझ्यादेखत हात उचलतोस?”

पहिल्या ठोशात त्याचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो काचांवर आडवा झाला. दादानं त्याला लाथांनी तुडवलं. गड्यानं ना उलट हात उगारला, ना तोंडातून आवाज काढला. गुडघे पोटाशी घेऊन नुसता पडून राहिला.

“एकुलती एक बहीण आहे माझी! तिच्या जिवाला काही झालं ना, तर जिता सोडणार नाही तुला!”

कॉलर धरून उठवताना सदरा टर्रकन फाटला, आणि दादाची मूठ हवेतच राहिली. मेहुण्याच्या पाठभर वण होते, जुने, नवे, काही अजून ओले. एकेक वण आकडीच्या टोकासारखा वाकडा.

दारामागून बांबू ओढल्याचा आवाज आला.

“हो बाजूला, दादा,” धाकटी मायेनं म्हणाली. “मुठीनं मारलं की सांधे सुजतात.”