पावलांमागून येणारा वायू

कातळसड्यात पुरलेल्या किरणोत्सारी कचऱ्यातून सुटणारा वायू जमिनीखालून कुठे सरकतो, ते मंदाकिनी मोजत असे. त्या सकाळी वायू मोजायला खडकात उतरवलेल्या नळ्यांपैकी ती ज्या नळीपाशी जाई, तिथलाच आकडा चढू लागला.

"पेडणेकर, पलीकडच्या नळीपाशी जरा पाय आपटा बघू," तिने सहकाऱ्याला सांगितलं. त्याने पाय आपटले आणि वायू तिकडे वळला.

"मॅडम, हा पावलांच्या मागे येतोय!" पेडणेकर दोन पावलं मागे सरला.

इतक्यात खालच्या वाडीत जत्रेचा ढोल सुरू झाला. मंदाकिनीच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर दिसणारा वायूचा लोट थबकला आणि वाडीच्या उताराला लागला.

"तुम्ही धावत जा, ढोल थांबवा, माणसं हलवा. मी याला दुसरीकडे नेते," म्हणत मंदाकिनी वाडीकडे पाठ करून निघाली. पाय आपटत, ठेचकाळत ती कड्याच्या दिशेने चालत राहिली. लोट हळूहळू तिच्यामागे फिरला.

अखेर फोन वाजला. "मॅडम, वाडी रिकामी झाली. या आता परत!"

मंदाकिनी हुश्श करून थांबली. सडा शांत होता. मग तिच्या तळव्यांखाली, खडकाच्या पोटातून, तिच्याच ठेक्यात कुणीतरी पाय आपटावेत तसे ठोके आले.