तापलेली मोटर

जावईबापूंनी हौसेने घरीच लाकूड कोरायचं मशीन जोडलं होतं. राहायला आलेल्या सासऱ्यांना पंचाहत्तरीला त्यावर कोरलेली नावाची पाटी द्यायचा त्यांचा बेत होता, तोही गुपचूप. पण पाटी निम्मी झाली की मोटर अडखळायची आणि पुढची अक्षरं बोटभर सरकायची. ही मोटर चटका बसेल इतकी तापणारच, असं माहितीपत्रकातच होतं. म्हणून त्याची काळजी न करता जावईबापू मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या पट्टीवरचा बारीकसा स्क्रू फिरवून तिला हवा तेवढा करंट अगदी मोजून द्यायचे. दुसऱ्या संध्याकाळी बघावं तर करंट कमी, मोटर पुन्हा अडखळलेली, येरे माझ्या मागल्या! दोन ड्रायव्हर बदलून झाले, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, आणि पाचवी पाटी वाया गेली तेव्हा त्यांनी हातातला टेस्टर भिंतीवर भिरकावला.

आवाज ऐकून सासरे धावत आले. जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्यात त्यांची हयात गेली होती.



"अहो जावईबापू, चिडता कशाला? तुमची मोटर फार तापते, ती जळू नये म्हणून रोज सकाळी तो स्क्रू मीच थोडा मागे फिरवून ठेवतो. बोललो नाही, म्हटलं उगाच उपकार कशाला दाखवा!"