कानात सांगायचं नाव

अक्षदाने पाळण्यात डोकं घातलं, तशा तिच्या पाठीवर बायकांच्या मुठी उगारल्या गेल्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे पडायचे, आणि लोअर परळच्या त्या चाळीतल्या बायका या कामात हात राखत नसत.

"थांब," जयवंतराव म्हणाले.

मुठी वरच राहिल्या. अक्षदाने वाकल्या वाकल्याच मान वळवून वडिलांकडे पाहिलं. "काय झालं, आप्पा?"

जयवंतराव पाळण्यामागच्या भिंतीकडे बघत होते. तिथला पडदा त्यांच्या मुलाने, स्वप्नीलने, आत्ताच बाजूला केला होता. मागे सोनेरी कागदाची मोठी अक्षरं होती. जयश्री. आप्पांना सरप्राइज द्यायचं म्हणून नातीचं नाव त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. जयश्री म्हणजे जयवंतरावांची बायको. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"हे नको," ते म्हणाले.

स्वप्नीलचा चेहरा पडला. "आप्पा, आईचं नाव आहे."

"माझं आहे ते. मी ठेवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मामा म्हणाला, लिही. तुझ्या नावाला जुळेल असं काहीतरी लिही. मी अंगठीने लिहून टाकलं."

"आमच्याकडे पण तसंच झालं," शेजारची जयश्रीकाकू म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. "आमचे हे जयराम. चाळीत तिघी जयश्री होतो आम्ही. नळावर कोणी हाक मारली की तिघी ओ द्यायचो. पण नाव काय वाईट आहे का हो, भाऊ?"

"वाईट नाही, वहिनी. तिला मात्र ओ द्यायला शिकावं लागलं. सुरुवातीला कोणी जयश्री म्हटलं की ती मागे वळून बघायची. कोण आलंय म्हणून."

दोघीतिघी हसल्या.

"मग आईंचं आधीचं नाव काय होतं?" अनुजाने विचारलं. ती बाळाची आई. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती.

जयवंतरावांनी कोपऱ्यात बसलेल्या राधाबाईंकडे पाहिलं. राधाबाई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. बारशासाठी गावाहून आल्या होत्या. "अक्कांना विचार. त्यांच्या घरचं नाव आहे ते."

राधाबाईंनी पदर सारखा केला. "जाई," त्या म्हणाल्या. "दारात जाईचो वेल होतो. ही झाली त्या सकाळी पयल्यांदा फुललो. बापाशीन ताच नाव ठेवल्यान."

"जाई!" अनुजाला ते एकदम आवडलं. "किती गोड! हल्ली तर खूप जण ठेवतात. माझ्या मैत्रिणीची पण जाईच आहे."

"आई कधी बोलली नाही," अक्षदा म्हणाली.

"कोणी इचारल्यान तिका?" राधाबाई म्हणाल्या.

जयश्रीकाकूने हात खाली घेतला. "मी मंदाकिनी होते," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "घरी मंदा म्हणायचे."

"मी सुलोचना होते," मागून दुसरी म्हणाली.

"माझं शेवंती होतं बाई. सासूला पसंत नव्हतं. म्हणाली, शेवंती आमच्या म्हशीचं नाव आहे."

खोली हसण्याने भरून गेली. बाळाने हात झटकले आणि पुन्हा मुठी मिटल्या. स्वप्नीलही हसला. मग त्याने विचारलं, "आप्पा, तुम्ही आईला काय म्हणायचात? जयश्री की जाई?"

"मी? मी नुसतं अगं म्हणायचो."

"एकदा पण नावाने हाक नाही मारली?"

"आमच्या वेळी बायकोला नावाने कोण हाक मारायचं?"

अक्षदा अजून वाकलेलीच होती. "ए, माझी कंबर गेली," ती म्हणाली. "नाव ठेवायचा मान आत्याचा ना? दादा, बोल."

स्वप्नीलने भिंतीकडे पाहिलं. ती अक्षरं चिकटवायला त्याची सकाळ गेली होती. "ठेव," तो म्हणाला. "मी हे उतरवतो."

"राहू दे रे," जयवंतराव म्हणाले. "शेवटी ते पण तिचंच झालं होतं."

"आणि केकवर जे लिहिलंय ते?"

"तो मी खाते," जयश्रीकाकू म्हणाली. "माझंच नाव आहे."

अक्षदा बाळाच्या कानाशी गेली. कुर्र म्हणाली आणि नाव सांगितलं. ती सरळ व्हायच्या आत धपाटे सुरू झाले. थांबावं लागल्याचा राग सगळ्यांनी तिच्याच पाठीवर काढला. राधाबाईही उठून आल्या आणि एक घालून गेल्या. मग पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या गेल्या.

"आप्पा, पहिली हाक तुमची," अक्षदा पाठ चोळत म्हणाली.

जयवंतराव पाळण्यावर वाकले. "अगं," ते म्हणाले, आणि बायका पुन्हा हसायला लागल्या. तेही हसले. त्यांनी घसा साफ केला.

"जाई."

फार हळू झालं, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी मोठ्याने, गॅलरीत ऐकू जाईल अशी.

"जाई!"

बाळ झोपलं होतं. जयवंतराव मात्र मागे वळले आणि दाराकडे बघत राहिले.