भिंतीच्या आत

“नवरा कोटाच्या भिंतीच्या आत होता म्हणतेस, तर त्याला तिथं पाहिलेला माणूस आण,” जमिनीच्या कचेरीतला साहेब इंग्रजीत म्हणाला. फाउस्तिनो मास्तरांनी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, खाली बघत.

पेत्रोनिला उभीच होती. समोर खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

“ज्यांनी पाहिलं ते त्याच्या शेजारीच मेले,” ती म्हणाली. “आणि सरकारी फौजेनं त्याच्यासोबतच जाळले. आलामोच्या वाटेवर राख आहे सगळ्यांची. ती आणू का टोपलीत भरून?”

मास्तरांनी यातलं निम्मंच साहेबाला सांगितलं.

टेक्सस मेक्सिकोपासून सुटून स्वतंत्र झालं त्याला अडीच वर्षं झाली होती. लढलेल्यांना जमीन, मेलेल्यांच्या बायकामुलांना जमीन, असा कायदा झाला होता. कचेरीच्या दाराशी नावांचा कागद डकवला होता. त्यात टेनेसीची माणसं होती, केंटकीची होती. काही तर हे गाव जेमतेम तीन आठवडे पाहून मेली. त्यांच्या साक्षी त्यांच्या गावांहून टपालानं आल्या आणि चालल्या.

पेत्रोनिलाचा नवरा सेवेरियानो इथं, सान अंतोनिओत जन्मला. स्वातंत्र्याआधीच्या डिसेंबरात बंडवाल्यांनी घरांच्या भिंती फोडत फोडत मेक्सिकोच्या सरकारी फौजेला गावाबाहेर काढलं, तेव्हा पहार त्याच्या हातात होती. सख्ख्या मामाची भिंत त्यानंच फोडली. मामा त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. मार्चात फौज परत आली तेव्हा सेवेरियानो आलामोच्या कोटात होता. पेत्रोनिला तान्ह्या मुलीला, चोनाला घेऊन मळ्यावर. कोटातून जिवंत सुटल्या त्या चारदोन बायका, पण त्या आतल्या खोलीत दडलेल्या. त्यांनी नुसते आवाज ऐकले होते.

“पाहिलेला साक्षीदार हवा म्हणे!” दारातल्या रांगेतून एक म्हातारी ओरडली. “मास्तर, त्याला विचारा, त्याच्या बापाचा आहे का तसा?”

रांग हसली. बाकावर बसलेला मार्सेलिनो तेवढा हसला नाही. चोना त्याच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून.

बाप्तिस्म्याला चोनाला हातांत धरलं होतं ते त्यानं. तेव्हापासून तो मुलीचा दुसरा बाप आणि आईबापांचा कोंपाद्रे, आई त्याची कोमाद्रे. हे नातं भावापेक्षा जवळचं. त्यात एकमेकांशी चढ्या आवाजात बोलणंसुद्धा पाप. तरी लढाईत तो दुसऱ्या बाजूला होता. गावच्याच सरकारी पलटणीत त्याची जुनी नोकरी. कोट पडला त्या पहाटे मी नदीपलीकडे घोडे राखत होतो, असं त्यानं परतल्यावर सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही. एक पोरगा इकडे, एक तिकडे, अशी घरोघर स्थिती होती. शिवाय टेक्ससवर हत्यार उचललेल्याची जमीन जप्त होई, आणि मार्सेलिनोची शेळ्यांपुरती का होईना, होती.

परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो मक्याचं पोतं घेऊन पेत्रोनिलाच्या दाराशी आला. मग येतच राहिला. छप्पर शाकारलं. पाटाच्या पाण्याची तिची पाळी आली की रात्रभर बांधावर उभा राहिला. ती काही बोलायला गेली की म्हणायचा, “राहू दे, कोमाद्रे. रीतच आहे ती.”

साहेबानं अर्ज उलटा ठेवला. लढाई संपल्यावर आलेला माणूस तो. बूट नवे होते.

“वेढ्यात एक दिवस तोफा थांबल्या होत्या,” तो म्हणाला. “तेव्हा बरेच मेक्सिकन भिंतीवरून उतरून पळाले. तुझाही पळाला असेल. असेल बसलेला नदीपार मेक्सिकोत, दुसरी करून.” आणि तो हसला.

मास्तर टेबलावरचे कागद नीट लावू लागले.

“सांगा ना,” पेत्रोनिला म्हणाली. “हसला कशाला तो?”

मास्तरांनी सांगितलं.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. “पळाला? हा माणूस ज्या जमिनीवर पाय पसरून बसलाय ती कुणी मोकळी केली, विचारा त्याला! परवा आला, आणि आम्हाला सांगतो कोण पळालं! जमीन ठेव म्हणावं तुझी. घाल उशाला. पण पळाला हा शब्द मागे घे!”

“पुढचा,” साहेब म्हणाला.

“मी पाहिलंय त्याला.”

मार्सेलिनो बाकावरून उठला नव्हता. मुलगी जागी होईल म्हणून आवाजही मोठा केला नव्हता.

“कोटातल्या लांब बराकीच्या तिसऱ्या दारात होता,” तो म्हणाला. “उजवा हात कामातून गेलेला. डाव्यानं बंदूक धरली होती. दार सोडलं नव्हतं त्यानं.”

मास्तर ओळीओळीनं सांगत होते. साहेबानं लेखणी बुडवली. “एवढं स्पष्ट दिसलं? किती लांबून?”

“दोन हातांवरून.”

“मार्सेलिनो,” मास्तर हळूच म्हणाले, “तू घोड्यांपाशी होतास. विचार करून बोल. तुझी जमीन जाईल.”

“नव्हतो मी घोड्यांपाशी.” त्यानं मान वर केली. साहेबाकडे नाही, पेत्रोनिलाकडे पाहिलं. “त्यानं मला ओळखलं. ‘कोंपाद्रे’ म्हणाला आणि बंदूक खाली केली. मी नाही केली.”

दारातल्या म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

“काय म्हणतो तो?” साहेबानं विचारलं. मास्तर पेत्रोनिलाकडे बघत होते.

पेत्रोनिला बाकापाशी गेली. झोपलेल्या चोनानं त्याचा सदरा मुठीत धरला होता. ती मूठ तिला एकेक बोट करून सोडवावी लागली. मुलीला खांद्यावर घेऊन ती टेबलाकडे वळली.

“लिहून घ्यायला सांगा त्याला, मास्तर,” ती म्हणाली. “माझा नवरा पळाला नव्हता.”